पट्टीचे दोन तास

२३ मे २०२४
सकाळी सव्वाआठला चिऊला तिरळेपणाच्या ऑपरेशनसाठी आत नेलं. दहाला पाच कमी असताना बाहेर आणलं.
काल रात्रीपासून उपाशी. "पाणीपण नाही?" तीनदा विचारलं तिने. तीनदा नाही म्हणालो.
दोन्ही डोळ्यांचे नाकाकडचे स्नायू मागे सरकवले. सहा-सहा मिलिमीटर. डॉक्टर मॅडमनी कागदाच्या पाठीमागे गोल काढून दाखवलं. डोळा बाहेर काढून ठेवतात असं गल्लीत कुणी सांगितलं होतं, तसं काही नसतं. डोळा जागेवरच. वरचं पातळ आवरण उघडायचं, स्नायू मूळ जागेवरून सोडवायचा, मागे नेऊन टाक्याने बसवायचा. एकेका डोळ्याला असे सहा स्नायू.
मी वाळूजला क्वालिटीत आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. सहा मिलिमीटर म्हणजे किती ते मला कळतं. चौथ्या वर्षातल्या डोळ्यात हे अंतर फार मोठं.

२४ मे
डोळे उघडले. लालभडक. उशीच्या अभ्र्यावर गुलाबी डाग. असं होईल म्हणून सांगितलं होतं, तरी माझे पाय गार पडले.
पण सरळ! दोन्ही बुबुळं मधोमध. हिला रडू आवरेना. बिडकीनला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने फोनच्या काचेवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

२५ मे
चष्मा कपाटात ठेवला. वरच्या खणात, डोळ्यावर लावायच्या पट्ट्यांच्या पाकिटाशेजारी. दोन्हींचं काम संपलं.

३१ मे
आठवड्याची तपासणी. टाके विरघळणारे, काढायचे नाहीत. थेंब चालू. मॅडम म्हणाल्या, छान आहे, सहा आठवडे झाले की खरी मोजणी करू.
"चष्मा कुठंय?"
घरी राहिला, म्हणालो.

८ जून
उकाडा. नळाला आज पाणी यायचं होतं, आलं नाही. चिऊ गच्चीच्या दारात बसून चिमण्या मोजते. डोळ्यांची लाली गेली.

१५ जून
शाळा सुरू. ज्युनियर केजी. डब्यात शेवया. वळून पाहिलंही नाही तिने.

२१ जून
चौथा वाढदिवस. केक कापतानाचे फोटो नात्यागोत्यात सगळीकडे गेले.
रात्री एकेक फोटो मोठा करून पाहिला. फ्लॅशचा ठिपका उजव्या डोळ्यात बाहुलीच्या मधोमध. डाव्या डोळ्यात जरा बाहेरच्या कडेला. पुढचा फोटो. तसाच. स्क्रीनवर स्टीलची पट्टी लावून मोजलं. मग पट्टी ड्रॉवरमध्ये टाकून दिली.
कोणाला बोललो नाही.

२२ जून
ही म्हणाली, "अहो, तुम्हाला काही दिसतंय का?"
"काय?"
मग तीही गप्प, मीही.

२९ जून
गुलमंडीत हिच्या मामेबहिणीची गाठ पडली. चिऊची हनुवटी वर करून पाहिलं आणि म्हणाली, "ऑपरेशन फसलं का हो?"
घरी येईपर्यंत चिऊ बोलली नाही. झोपताना विचारलं, "बाबा, फसलं म्हणजे काय?"

५ जुलै
सहा आठवड्यांची मोजणी. चिऊ माझ्या मांडीवर. मॅडम एकेक डोळा झाकतात, उघडतात. समोर भिंतीवर बदकाचं चित्र. मग काचेच्या लोलकांची शिडीसारखी पट्टी डोळ्यापुढे वरखाली. डोळा हलायचा थांबला की तो आकडा.
आधी वाक पन्नास होता. आता लांबचं पाहताना पंचवीस, जवळचं पाहताना तीस.
"म्हणजे फसलं?" मीच तो शब्द उच्चारला. चिऊसमोर.
मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "निम्मा गेलाय, निम्मा उरलाय. जन्मापासूनच्या तिरळेपणात पहिल्या ऑपरेशननंतर काही उरणं, पुन्हा एकदा करावं लागणं विरळ नाही. पण आधी मला सांगा, चष्मा किती तास घालते?"
ही माझ्याकडे बघायला लागली.
"आणि पट्टी?"
फाईलमधून डिस्चार्जचा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. चौथी ओळ. 'चष्मा दिवसभर. पट्टी पूर्वीप्रमाणे चालू.' खाली रेघ मारलेली.
तो कागद २३ मेपासून माझ्याच फाईलमध्ये होता. कारखान्यात ड्रॉइंगवरची एक टीप वाचायची राहिली म्हणून अख्खा लॉट परत पाठवलाय मी.

६ जुलै
नंबर पुन्हा काढायचा. तीन दिवस ॲट्रोपिनचं मलम, सकाळ-संध्याकाळ, खालच्या पापणीत तांदळाएवढं. हिने डोकं धरलं, मी लावलं. हातपाय झाडले, शेवटी हिच्या हाताला चावली.

७ जुलै
गाल लाल. अंग किंचित गरम. तोंड कोरडं पडतंय म्हणून सारखं पाणी मागते. बाहुल्या मोठ्या झाल्यात, उजेड सोसत नाही. चित्रांचं पुस्तक डोळ्यांपासून लांब लांब धरते, मग फेकून देते. मलमाने जवळचं दिसेनासं होतं. दिवसभर पडदे ओढून बसलो.

९ जुलै
प्लस नंबर. उजवा साडेतीन, डावा साडेचार. डिसेंबरात दोन्ही अडीचच्या आसपास होते. या वयात प्लस नंबर वाढू शकतो, म्हणाल्या.
मॅडमनी नीट समजावलं. प्लस नंबरच्या मुलाला स्पष्ट दिसायला डोळ्यावर जोर द्यावा लागतो. तो जोर आणि डोळे आत वळणं या दोन गोष्टी मेंदूने एकाच दोरीला बांधल्यात. जोर दिला की डोळा आत जातोच. चष्मा तो जोर काढून घेतो. म्हणून काही मुलांचा तिरळेपणा नुसत्या चष्म्याने जातो. चिऊचा सगळा जाणार नाही. किती जातो ते पाहायचं, आणि जे उरेल तेवढ्यावरच पुढचा विचार.
डाव्या डोळ्याची नजर ६/२४. उजव्याची ६/९.
डावा डोळा निरोगी आहे. मेंदू त्याचं ऐकत नाही. दोन डोळ्यांकडून दोन चित्रं आली की गोंधळ, म्हणून मेंदूने एक चित्र बंद करून टाकलं. आळशी डोळा म्हणतात. मला तो शब्द पटला नाही. बिचारा पाठवतोय सगळं, घेणारं कुणी नाही.
पट्टी उजव्या डोळ्यावर. रोज दोन तास. त्या वेळात जवळचं बारीक काम. सहा तास लावली तर लवकर होईल का, विचारलं. या टप्प्याला दोन तास नीट लावली तर पुष्कळ, म्हणाल्या. चोरून पाहू द्यायचं नाही.

१३ जुलै
औरंगपुऱ्यातून चष्मा आणला. कानामागे रबरी दोरी. चिऊ आरशात बराच वेळ बघत होती. "मी मॅडम दिसते."

१७ जुलै
आषाढी. साबुदाण्याची खिचडी. आई बिडकीनहून राहायला आली. चष्मा आणि पट्टी दोन्ही पाहून पदर डोळ्याला लावला. "कामून त्रास देता लेकराला? एक डाव चिरलं ना डोळ्याला? लक्ष्मीचा डोळा हाय तो."
रात्री जुनी फाईल लावली. तळाशी पिवळी पडलेली चिठ्ठी सापडली. चिऊ आईजवळ गावी होती तेव्हाची, दोन वर्षांची असतानाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांची. 'डोळे आत वळतात. पुढे दाखवणे.'
आईने ती देवघरात पोथीखाली ठेवली होती. मलाही फोनवर सांगितली होती. दिवाळीनंतर बघू, असं मीच म्हणालो होतो. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या, तेव्हा कुठे दाखवलं.

१८ जुलै
पट्टी ४० मिनिटं. काढून फेकली.

१९ जुलै
२५ मिनिटं.

२० जुलै
नाही.

२१ जुलै
ओरडलो तिच्यावर. शेजारच्यांनी ऐकलं असेल. पट्टी लावलेल्या डोळ्यातून पाणी आलं आणि चिकटा सुटला. एवढ्या लहान पोरीचा चांगला डोळा बंद करून तिला 'आता बघ' म्हणायचं. अंधारात सोडल्यासारखं वाटत असेल तिला.

२४ जुलै
आज आईने प्रश्न सोडवला. तूरडाळ परातीत घेऊन बसली. "माझ्या डोळ्यानं खडे दिसंनात ग माय. तू काढ." चिऊ पट्टीनिशी परातीवर वाकली. पहिला खडा सापडायला किती वेळ लागला! मग दुसरा. तासाभरात अकरा खडे वाटीत. आईने ते मोजून घेतले.
आईला खडे चांगले दिसतात. गेल्या वर्षीच मोतीबिंदू काढलाय.

२७ जुलै
तांदूळ. नऊ.

३० जुलै
मूग. १ तास ५० मिनिटं. चिऊ नाकाच्या बाजूच्या फटीतून पाहते, मान तिरकी करून. आईच्या ते आधी लक्षात आलं. "चोरटी," म्हणाली आणि कड बोटाने दाबून बसवली.

६ ऑगस्ट
पट्टीखालची कातडी लाल. रात्री खोबरेल लावलं. उद्या पट्टी थोडी तिरपी लावून पाहू.

११ ऑगस्ट
नाइट शिफ्ट. जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचलं. ह्यूबेल आणि वीझल. मांजरीच्या पिलांची एक पापणी काही काळ शिवून ठेवली, नंतर उघडली. डोळा ठणठणीत, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला ओळखेनात. दुसऱ्या पिलांचे स्नायू कापून डोळे तिरळे केले. दोन्ही डोळ्यांचं मिळून ऐकणाऱ्या पेशी फार कमी उरल्या. मोठ्या मांजराची पापणी शिवली तर असं काही होत नाही. १९८१ चं नोबेल.
म्हणजे वय चाललंय. घड्याळ चाललंय. पोथीखालची चिठ्ठी सारखी डोळ्यापुढे येते.

१४ ऑगस्ट
वर्गातला एक मुलगा चकणी म्हणतो. चिऊने बाईंना सांगितलं नाही, आजीला सांगितलं. ही उद्या शाळेत झेंडावंदनाला जाणारच आहे, बोलेल.

१६ ऑगस्ट
बाईंनी चांगलं केलं. सगळ्या वर्गाला एकेक डोळा झाकून चित्र रंगवायला लावलं. मग म्हणाल्या, ही रोज दोन तास असं करते. चकणी म्हणणारा आता पट्टी मागतो.

२३ ऑगस्ट
तपासणी. चष्म्यासकट लांबचं अठरा, जवळचं वीस. चष्म्याने सात ते दहा गेलं.
मे महिन्यात कपाटात ठेवलं होतं तेच.
डावी नजर ६/१८.

२ सप्टेंबर
पोळा. दोन दिवस नुसता पाऊस. आईने मातीचे बैल केले. चिऊने पट्टी लावून त्यांचे डोळे काडीने टोचले. चारही डोळे बरोबर जागी.

७ सप्टेंबर
गणपती बसले. आरतीनंतर पाहिलं तर उंदराच्या उजव्या डोळ्यावर पट्टी. नवी कोरी, पाकिटातली. ही रागावणार होती. आई म्हणाली, राहू दे, दहा दिवस त्यालाही लावू.

१९ सप्टेंबर
खडे संपले. आता आम्हीच डाळीत खडे टाकतो.

९ ऑक्टोबर
कर्णपुऱ्याच्या यात्रेत नेलं. गर्दी, धूळ, पाळणे. चिऊ पायरीवर अडखळली. उतरताना नेहमीच अडखळते. आम्ही तिला धांदरट म्हणायचो. दोन डोळ्यांची चित्रं एक झाली तर खोली कळते, तिला ती कळत नाही. पुढची पायरी किती खाली आहे ते पायाने चाचपते.
आज कळलं. धांदरट हा शब्द आमच्या घरातून गेला.

१८ ऑक्टोबर
डावी नजर ६/१२. मॅडमनी चिऊच्या हातावर टाळी दिली.
वाक मात्र अठराच.
चौरस चष्मा चढवून माशीचं चित्र दाखवलं. ज्याला खोली दिसते त्याला माशीचे पंख कागदाच्या वर आलेले दिसतात, मूल ते हवेत चिमटीत धरायला जातं. चिऊने बोट सरळ कागदावर टेकवलं. "मेलेली आहे," म्हणाली.

२६ ऑक्टोबर
वाचलं ते लिहून ठेवतो. १८३९ साली याच तारखेला बर्लिनमध्ये डीफेनबाखने सात वर्षांच्या मुलाच्या तिरळ्या डोळ्याचा आतला स्नायू कापला. अशी ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानतात. ईथर यायला अजून सात वर्षं होती. मूल जागं होतं. कोणीतरी धरलं असेल. त्याचा बाप असेल का?
तेव्हा स्नायू सरळ कापून सोडून देत. पुढे बरेच डोळे उलट बाहेर वळले. मग शिकले, कापून सोडायचा नाही, मोजून सरकवायचा.

१ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. आईने पूजेनंतर चिऊचा चष्मा पदराने पुसला, पुन्हा तिच्या नाकावर बसवला. लक्ष्मीच्या डोळ्याबद्दल काही बोलली नाही.

१७ नोव्हेंबर
सू बॅरी नावाच्या अमेरिकन प्राध्यापक बाई. तान्ह्या असतानाच डोळे तिरळे, लहानपणी तीन ऑपरेशनं. दिसायला डोळे जवळजवळ सरळ, पण खोली दिसत नव्हती, आणि हे त्यांना कॉलेजात गेल्यावर कळलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांचा सराव करून खोली दिसू लागली. मोटारीचं स्टिअरिंग चाक एकदम समोर पुढे आलेलं दिसलं. २००९ साली पुस्तक लिहिलं त्यांनी.
तीन वेळा वाचलं. झोप आली नाही.

१३ डिसेंबर
मॅडमना बॅरीबाईंचं विचारलं. त्यांनाही ठाऊक होतं. म्हणाल्या, "आशा ठेवा, पण एका बाईंच्या गोष्टीवर मी तुमच्या मुलीची तारीख ढकलणार नाही."
चष्म्यासह अठरा, तीन वेळा तेच. आता ते कमी होणार नाही.
पर्याय मांडले. चष्म्यावर प्रिझमची काच: एवढ्या वाकाला जाड होते, वाक तसाच राहतो. आतल्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन: हे औषध सुरकुत्यांच्या आधी डोळ्यांसाठीच आलं होतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ॲलन स्कॉट यांनी आणलं, १९८९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. काही मुलांना उपयोगी पडतं. पण असर काही महिन्यांनी उतरतो, पुन्हा द्यावं लागू शकतं, पापणी काही दिवस पडू शकते, आणि एवढ्या लहान मुलाला त्यासाठीही भूल लागतेच. तिसरा, दुसरं ऑपरेशन. आतले स्नायू आधीच सहा सरकवलेत, त्यांना हात लावायचा नाही. या वेळी बाहेरचे स्नायू चार-चार मिलिमीटर आखूड करून घट्ट करायचे.
ही म्हणाली, "आणि त्यानंतर परत उरलं तर?"
"तर परत मोजू. दहाच्या आत आलं तर दोन्ही डोळे एकमेकांना धरून ठेवायला शिकू शकतात. शिकतीलच असं लिहून देत नाही. जास्त झालं तर बाहेरही जाऊ शकतो, तेही सांगते."
"मग जुलैतच का नाही केलं?" मी.
"तेव्हा पंचवीस दिसत होते. तेवढ्यावर कापलं असतं तर चष्मा घातल्यावर डोळा बाहेर गेला असता. आणि डावा डोळा अधू होता. अधू डोळा सरळ केला तर सरळ राहायला त्याला कारण नसतं."
टॉलरन्स दहा. आमच्याकडे रिवर्कचा नग वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतात, मोजतात, पास झाला की पुन्हा सगळ्यांत मिसळतात. ट्रे वेगळा असतो म्हणून कुणी नग फेकत नाही.
तारीख घेतली. ८ जानेवारी.

१५ डिसेंबर
आई रात्री अंथरुणात बसून. "पुन्यांदा झोपवणार लेकराला?" भुलीची भीती आहे तिला. माझे वडील घाटी रुग्णालयात होते तेव्हा ती तिथे एकवीस दिवस राहिली होती, भुलीतून न उठलेला एक माणूस पाहिलेला आहे. काय बोलू? तिच्या पायाशी बसून राहिलो.

७ जानेवारी २०२५
चिऊला खोकला. घशात घरघर. फोन केला. भूलतज्ज्ञ म्हणाले, पूर्ण बरं वाटू द्या. तारीख पुढे. चिडचिड झाली, मग बरंही वाटलं.

१४ जानेवारी
तिळगूळ. हलव्याचे दागिने घालून चिऊचा फोटो. फ्लॅश बंद ठेवला.

२२ जानेवारी
पावणेनऊ ते दहा वीस.
आत नेताना चष्मा काढून माझ्या हातात दिला. "सांभाळ, कपाटात ठेवू नको."
कोणी सांगितलं चिऊला?

२३ जानेवारी
लाल. सूज पहिल्यापेक्षा जास्त. बघायला कोणाला बोलावलं नाही. फोटो नाही. दुपारी दीड वाजता डोळ्यांवर चष्मा चढवला.

२४ जानेवारी
"बाबा, दोन दिवे."
ट्यूबलाइट एकच.
"आजी पण दोन."
रात्री अकराला मॅडमना मेसेज केला. करू नये एवढ्या उशिरा. उत्तर आलं: काही दिवस दोन दिसू शकतं, बंद केलेला डोळा बोलायला लागलाय. वाढलं तर लगेच आणा. शनिवारी दाखवा.
ही आणि मी मेसेज आळीपाळीने वाचत बसलो.

२५ जानेवारी
दाखवलं. डोळे किंचित बाहेर, चार. सुरुवातीला चालतं म्हणाल्या. पट्टी आठवडाभर बंद.

२९ जानेवारी
आजी एक झाली. आईला जरा वाईट वाटलं असं म्हणाली. "दोन असते तर एक बिडकीनला ठेवली असती."

३ फेब्रुवारी
पट्टी पुन्हा चालू. राजगिरा निवडायला घेतला, फार बारीक, चिऊ वैतागली. पुन्हा मूग.

१९ फेब्रुवारी
शिवजयंती. क्रांती चौकात ढोल. खांद्यावर बसली होती. घोड्यावरच्या महाराजांकडे बोट दाखवून म्हणाली, "तलवार पुढे आहे." मी काही विचारलं नाही.

७ मार्च
सहा आठवडे पूर्ण. गेल्या वर्षीचे सहा आठवडे आठवून पोटात गोळा.
बदक. झाका, उघडा. लोलकांची शिडी.
लांबचं सहा. जवळचं आठ. चष्म्यासह.
मॅडमनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून पुन्हा मोजायला लावलं. एकाने मोजल्यावर दुसऱ्याने मोजायचं, आम्हीही तसंच करतो. सहा, आठ.
लाल-हिरवा चष्मा चढवून चार दिवे. ऑक्टोबरात दोनच मोजायची. आज जवळून चार मोजले. लांबून दोन.
म्हणजे हातभर अंतरात दोन्ही डोळे एकत्र काम करतात. पलीकडे अजून नाही. कदाचित कधीच पूर्ण नाही. हे मॅडमनी सरळ सांगितलं. मला सरळ सांगितलेलं आवडलं.
माशी: बोट कागदाच्या वर, दाण्याएवढ्या उंचीवर थांबलं. मॅडमनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा थांबलं.
ही जिन्यात येऊन रडली. मी फाईल धरून उभा.

८ मार्च
डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स काढून फ्रिजवर लावली. चौथ्या ओळीखाली लाल रेघ.

३० मार्च
पाडवा. गुढी उतरवताना चिऊ स्टुलावरून एकटी उतरली. पायाने चाचपलं नाही. दुसऱ्यांदा उतरायला लावलं तर चाचपलं. तेव्हा नक्की काय ते लिहीत नाही.

११ एप्रिल
डावी नजर ६/९. दोन्ही डोळे सारखे.
पट्टी रोज एक तास, तीन महिने. एकदम बंद केली तर नजर मागे जाऊ शकते. चष्मा अजून बरीच वर्षं. दर तीन महिन्यांनी मोजणी, नंतर सहा. वाढत्या वयात डोळा बाहेर जातो का यावर लक्ष.

१४ एप्रिल
मोगरा आलाय. आता आजी दोरा धरते, चिऊ सुईत ओवते. तिसऱ्या खेपेला ओवला. गजरा नऊ फुलांचा. हिच्या केसात.

१९ एप्रिल
शिफ्ट सुटताना मशीन शॉपमधल्या एकाने फोन पुढे केला. अकरा महिन्यांचा मुलगा. डावा डोळा आत. "साहेब, तुमच्या पोरीचं ऐकलं होतं. आमची आजी म्हणते, भाग्याचं असतं, मोठा झाला की जातं."
फोटोवरून काही सांगता येत नाही म्हणालो. नाकाचं हाड रुंद असलं तरी नुसतं तिरळं दिसतं, त्याला काही करावं लागत नाही. पण ते डॉक्टरने ठरवायचं, आजीने नाही, मी नाही. जन्मल्यावर चार महिने उलटून गेले आणि डोळा आत राहतोच, तर थांबायचं नसतं. कधी डोळ्याच्या आत गाठ असते, कधी मोतीबिंदू, त्याचं पहिलं लक्षण नुसता तिरळेपणा. थेंब घालून आतला पडदा पाहिल्याशिवाय कळत नाही. घाटीत दाखव, नाहीतर मुलांचे डोळे पाहणारा कोणीही डॉक्टर गाठ. पण याच आठवड्यात.
"ऑपरेशन केलं की काम झालं ना?"
नाही, म्हणालो. ऑपरेशन सांगितलंच तर त्यानंतरही चष्मा सांगितला असेल तर काढू नको. पट्टी सांगितली असेल तर बंद करू नको. कागद देतील तो शेवटपर्यंत वाच. पुन्हा एकदा करावं लागलं तर घाबरून मध्येच सोडू नको.
बस निघत होती. तो पायरीवरूनच म्हणाला, सोमवारी नेतो.

२१ एप्रिल
नेलं त्याने.